न्हाणीघरामागचा स्क्रू

९ सप्टेंबर

मुली,

आशीर्वाद आहेतच. ते मी कधी परत घेतले नव्हते. बोलणं तेवढं बंद होतं, आणि ते दोन्ही बाजूंनी बंद होतं. असो. कागद मोजका मिळतो, त्यात जुनं भांडण पहिल्यापासून मांडायला जागा नाही.

बोट नौदलाने घेतली. मालकांची बोट म्हणायची, पण मालक उन्हाळ्यात पाहुणे घेऊन चार दिवस यायचे, बाकी वर्षभर तिची उठबस मीच केली. पाणबुड्यांवर पहारा ठेवायला नौदलाकडे बोटी कमी पडल्या, म्हणून आता श्रीमंतांच्या हौसेच्या बोटी गोळा करतायत. मालक धक्क्यावर आले, अधिकाऱ्याशी हात मिळवला, फोटो काढून घेतला आणि जाताना पियानो तेवढा परत मागितला. बोटीबरोबर इंजिनवाला आपोआप आला असं सगळे धरून चालले. मला कोणी विचारलं नाही, मीही नाही म्हटलं नाही. या वयात दुसऱ्या कुठल्या इंजिनाशी जमवून घेणार?

तू लहानपणी पाहिलेली बोट आता तुला ओळखू यायची नाही. पांढऱ्या अंगावर राखाडी रंग फासलाय. नाव खरवडून काढलं आणि नंबर घातला. दिवाणखान्यातले आरसे, गालिचे, झुंबर, सगळं उतरवलं. गुलाबाच्या फुलांचा कागद लावलेल्या पाहुण्यांच्या खोलीत एकावर एक फळ्या ठोकून खलाशांची झोपायची सोय केली. दाढ्या वाढलेली माणसं त्या गुलाबांत घोरत पडलेली बघून मला सुरुवातीला हसू यायचं, आता येत नाही. मालकीणबाई जिथे उन्हात पडून वाचायच्या तिथे तोफ बसवली. तिचं वजन पेलावं म्हणून खालून लाकडी टेकू दिलेत. मागच्या टोकाला पाणबुडीवर ढकलायची स्फोटकांची पिंपं. नव्या नवरीला डोक्यावर अवजारांची पेटी देऊन उभं करावं तशी दिसते बिचारी.

आता मुद्द्याचं. आज नवा कप्तान आला. शिडीवरून आधी टोपी वर आली, मग तोंड आलं. तुझा नवरा.

आम्ही दोघांनी एकमेकांना जन्मात एकदाच पाहिलंय. तो तुला मागायला आला होता आणि मी त्याला पायरीवरूनच वाटेला लावला होता. पाण्यावर पोट भरणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही तेच म्हणतो. तुझ्या आईने उभा जन्म खिडकीत काढला. मी पाहिला नाही, कारण मी पाण्यावर होतो. पण तिने मला तो ऐकवलाय.

त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "इंजिन कोण बघतं?"

मी म्हणालो, "मी, साहेब."

"कधीपासून?"

"बोट पाण्यात उतरली तेव्हापासून, साहेब."

"बरं," म्हणाला आणि पुढे गेला. झाली सासऱ्या-जावयाची भेट. जगात जावयाचा मान असतो म्हणतात. माझ्या जावयाचा मान म्हणजे मी टाचा जुळवून उभं राहायचं.

नौदलाचा नियम आहे की एका बोटीवर नात्यातली दोन माणसं ठेवायची नाहीत. बोट गेली तर एकाच घरातली दोघं जाऊ नयेत, म्हणून. त्याने नातं सांगितलं नाही, मीही नाही. त्याचं कारण त्याला माहीत. माझं विचारशील तर, तुझा नवरा माझ्या डोळ्यांसमोर असलेला बरा. बोट बुडवायला निघालाच, तर निदान इंजिन माझ्या हातात असेल.

आणखी एक. बोटीवरच्या प्रत्येकाची पत्रं कप्तानाने वाचायची, शत्रूच्या उपयोगाचं काही असेल तर काळ्या शाईने खोडायचं आणि शिक्का मारून पाठवायचं, अशी रीत आहे. म्हणजे हे पत्र तुझ्याआधी तुझा नवरा वाचणार. वाचू दे. माझं त्याच्याबद्दलचं मत त्याला तोंडावर सांगता येत नाही, ते असं तरी कळेल.

माझी तब्येत बरी आहे. (इथल्या दोन ओळी काळ्या शाईने खोडलेल्या आहेत.) पण चालायचंच.

तुझा,
बोलणं आधी सुरू केलेला बाप


२ ऑक्टोबर

ठकू,

या नावाने हाक मारली म्हणून रागावू नकोस, जुनी सवय आहे. तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. तीन त्याच्याबद्दल आणि चौथीत, माझ्या पत्रात काय खोडलंय हा प्रश्न. शाळेत मुलांची उत्तरं तपासून तपासून तुलाही सगळी उत्तरं चार ओळींतच सुचत असतील.

तो बरा आहे. जेवतो. दाढी करतो. खलाशी त्याला मानतात, कारण तो ओरडत नाही. ओरडत नाही त्याची मला मात्र धास्ती वाटते, पण तो माझा स्वभाव.

काय खोडलं ते मलाही आठवेना. मग आठवलं. बाहेर उजेड दिसू नये म्हणून इंजिनघराचे झरोके पत्रे ठोकून बंद केलेत, खाली धूर कोंडतो, मला धाप लागते आणि खोकून खोकून जीव जातो, असं मी लिहिलं होतं. म्हटलं, यात शत्रूच्या उपयोगाचं काय? म्हातारा खोकतो हे ऐकून ते हल्ला करणार आहेत का? तोंडावर जाऊन विचारणारच होतो.

पण पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुतार आला. माझ्या डोक्यावर छताला भोक पाडलं, उजेड जाणार नाही पण हवा येईल असा वाकडा नळ बसवला. "कप्तानांनी सांगितलंय," म्हणाला. आता मी धापेबद्दल बोटीवर कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. फक्त तुला लिहिलं होतं. नळाखाली बसून पहिला गार श्वास घेतला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुला काळजी नको म्हणून त्याने ते खोडलं, आणि मला त्रास नको म्हणून काम करून टाकलं. बोलला काही नाही. मीही आभार मानले नाहीत. ते इथे लिहितो, म्हणजे पोचतील. बाकी मत तेच.

अगं, परवा न्हाणीघरात गेलो आणि तुझी आठवण आली. लहानपणी तू मला जेवताना सतावायचीस, "बाबा, स्क्रूची गोष्ट सांगा," म्हणून. आठवते का? मालकीणबाईंना पाय पसरून बसता येईल एवढा टब हवा होता. तेवढा टब बसवायचा तर इंजिनाला तेल नेणारी नळी मधे येत होती. मग कारागिरांनी काय करावं? सरळ जाणारी नळी उचलली आणि टबामागून उंटाच्या पाठीसारखी वर चढवून पलीकडे उतरवली. बोट फार डोलली की तेलात हवा शिरते, ती त्या उंचवट्यावर जाऊन बसते आणि खाली माझं इंजिन दोन उचक्या देऊन बंद. ती हवा सोडायला तिथे एक बारका स्क्रू ठेवलाय, टबामागच्या लाकडी फळीच्या आत. म्हणजे इंजिन माझ्या ताब्यात आणि त्याचं नाक मालकीणबाईंच्या न्हाणीघरात.

आणि एकदा नेमक्या बाई टबात असताना बोट डोलली आणि इंजिन बंद पडलं. मी पाना घेऊन दाराबाहेर. "बाईसाहेब, स्क्रू." आतून साबण फेकून मारल्याचा आवाज. समोर खडक, मालक वरून ओरडतायत, आणि मी दाराशी घामाघूम. शेवटी बाईच धीट निघाल्या. टॉवेल गुंडाळून टबात उभ्या राहिल्या, स्वतः फळी काढून हातात धरली आणि म्हणाल्या, "या आत. तुमचा स्क्रू काय तो डोळे मिटून उघडा." तू दर वेळी इथेच विचारायचीस, "डोळे मिटल्यावर हवा संपली ते कसं कळलं?" आणि मी सांगायचो, बोटाने. स्क्रूवर बोट ठेवायचं. बुडबुडे येतात तोवर बोटाला गुदगुल्या होतात. गुदगुल्या थांबल्या की तेल आलं, मग स्क्रू आवळायचा. मग तू माझ्या तळहाताला गुदगुल्या करायचीस आणि तुझी आई म्हणायची, पुरे आता, जेवा.

त्या टबात आता बटाट्याची पोती भरलीत. बाईंना कळवू नये.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो, मी दमलोय. काम जुनंच आहे, पण आता ते संपत नाही.

बाबा


२७ ऑक्टोबर

ठकू,

थोडक्यात लिहितो. गस्तीवरून परत आलो. सगळं ठीक. समुद्राला थोडी उसळी होती. तुझा नवरा ठीक आहे, हाताला जरा खरचटलंय, बोटीवर असं होतंच. इंजिन चांगलं. मी चांगला.

तुम्ही दोघं बोलता का, असं विचारलंयस. बोलतो की. वरून खाली बोलायला एक पितळी नळी आहे. तो वरून म्हणतो, "वेग वाढवा." मी खालून म्हणतो, "जी साहेब." तो म्हणतो, "कमी करा." मी म्हणतो, "जी साहेब." तुझ्या आईशी तरी मी याहून जास्त कुठे बोललो? परवा एकदा मधेच नळीतून आवाज आला, "चहा घेतलात का?" मी म्हणालो, "जी साहेब." घेतला नव्हता. थोड्या वेळाने एक खलाशी चहाचा मग घेऊन खाली आला. खोटं बोललेलं त्याला नळीतूनही कळतं, हे लक्षात ठेव, तुलाही उपयोगी पडेल.

झोप फार येते. उद्या लिहीन.

बाबा


५ नोव्हेंबर

ठकू,

आमचा सुतार सुट्टीवर तुमच्या बाजूला निघालाय. हे पत्र त्याच्या हाती देतोय. मधे वाचणारा कोणी नाही, म्हणून खरं लिहितो. बसून वाच.

मागच्या पत्रातली "थोडी उसळी" खोटी. ही बोट चांगल्या हवेत पाहुण्यांना फिरवायला बांधलेली आहे. तिच्या डोक्यावर तोफ आणि शेपटीला पिंपं लादल्यापासून तिचा तोल गेलाय. तळाशी शिसं भरलं, पण ते पुरत नाही. पूर्वी लाटेवर वाकायची आणि लगेच उठायची. आता वाकते आणि विचार करत पडून राहते. त्या दिवशी ती वाकली ती वाकलीच. मी इंजिनघराच्या जमिनीवर नव्हतो, भिंतीवर उभा होतो. पान्यांची पेटी माझ्या कानाजवळून गेली. मला वाटलं, संपलं. पितळी नळीतून त्याचा आवाज आला, "इंजिन चालू ठेवा. बाकी मी बघतो." दार लावून घ्या म्हणावं तशा आवाजात. मी चालू ठेवलं. बोट उठली.

मी वर गेलो तेव्हा त्याने स्वतःला दोरीने कठड्याशी बांधून घेतलं होतं आणि एका हाताने सुकाणू धरलं होतं. दुसरा हात सुटलेल्या पेटीखाली सापडला होता. "खरचटलंय" म्हणालो ते हे. दोन बोटं राहतील, पण वाकायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आता तुला लपवत नाही. मला राग आला तर त्याचाच आला, की हा ओरडला का नाही.

किनाऱ्यावर आल्यावर तो कचेरीत गेला. ही तोफ उतरवा, हलकी द्या, म्हणाला. कचेरीने सांगितलं, दुसरी तोफ नाही, आणि तोफेशिवाय बोट म्हणजे सहल. परत आला आणि मुकाट्याने गस्तीची तयारी करू लागला.

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं इंजिनाबाहेर चाललं की काय होतं ते तुझी आई सांगायची, पण ती आता नाही. म्हटलं, तोफ उतरत नाही तर माणूस उतरवू. नातं सांगून टाकू. दोघांतला एक उतरणार, आणि उतरणार तो कप्तानच. कप्तान कोणीही येईल, पण हे इंजिन माझ्यावाचून कोणाला उमजायचं नाही. तो एखाद्या कचेरीत बसेल, हात बरा होईल, सुट्टीवर तुझ्या घरी येईल. तुझ्या खिडकीतून तुला रस्ता दिसेल, पाणी नाही. माझं काय, मी बोटीबरोबर आलो होतो, बोटीबरोबर जाईन. ठकू, मी हे तुझ्यासाठी केलं. तुला आवडावं म्हणून नाही, तो जिवंत राहावा म्हणून.

कचेरीत जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक साहेब बसतात. त्यांच्यापुढे उभा राहिलो. "साहेब, कप्तान माझे जावई आहेत."

त्यांनी चष्मा वर केला. "मग इतके दिवस काय करत होतात?"

"लपवत होतो, साहेब."

"आणि आज का सांगता?"

"नियम आहे म्हणून."

ते हसले. माणूस वाईट नाही, थकलेला आहे, इथे सगळेच आहेत. म्हणाले, "आजोबा, कप्तान मिळत नाहीत. इंजिनवाले आहेत. तुम्ही उतरा."

हे माझ्या हिशेबातच नव्हतं. बोट दुपारीच निघायची होती. माझी वळकटी धक्क्यावर आली आणि माझ्या जागी बस डेपोतला एक मिस्त्री चढला. त्याला सगळे बसवाला म्हणतात. पन्नाशीचा, शांत, हात चांगला. त्याच्याशी माझं भांडण नाही. जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात त्याला सगळं सांगितलं, कुठला पंप गळतो, कुठली चावी अडकते, सकाळी इंजिनाला किती गोंजारायचं. तो डोकं हलवत ऐकत होता.

तुझा नवरा शिडीपाशी आला. "तुम्ही सांगितलंत?"

"जी साहेब."

"का?"

चार माणसं आजूबाजूला होती. मी काय सांगणार? त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. मग वळला आणि वर गेला.

बोट सुटली. मी धक्क्यावर उभा. बंदराच्या बाहेर गेली आणि पहिल्या लाटेवर डोलली, तसं मला आठवलं. टबामागचा स्क्रू. पंप सांगितला, चाव्या सांगितल्या, स्क्रू सांगितलाच नाही. ती माझ्या लेखी गोष्ट होती गं, तुला जेवताना सांगायची. ती इंजिनाची माहिती आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

धावत कचेरीत गेलो. एवढं धावायचं माझं वय नाही. चष्मेवाल्या साहेबांना म्हणालो, वायरलेसवर कळवा, न्हाणीघरात स्क्रू आहे. ते म्हणाले, "बोट गस्तीवर असताना वायरलेस बंद असतो. शत्रूला तिची जागा कळते." मग हळूच म्हणाले, "बसा जरा. पाणी घ्या."

त्याला वाचवायला गेलो आणि त्याच्याजवळ होतो तोही राहिलो नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

बाबा


८ नोव्हेंबर

ठकू,

बोट कालच यायला हवी होती. आली नाही.

मला कारखान्यात पंप दुरुस्त करायला बसवलंय. हात काम करतात, कान बाहेर असतात. बोट आली की मी तिच्या इंजिनावरून ओळखतो, दिसायच्या आधी. सकाळपासून दोन आल्या. एक मासेमारीची होती, तिच्यावरही तोफ बसवलीय, दुसरी कोणा कारखानदाराची. त्यांच्या माणसांना विचारलं. बाहेर वारा वाईट आहे म्हणाले. आमची कोणी पाहिली नाही.

उशीर झाला म्हणजे काही झालं असं नाही, असं इथे सगळे एकमेकांना सांगतात. मलाही सांगितलं. मी मान हलवली. चष्मेवाल्या साहेबांनी स्वतःची खुर्ची बाहेर धक्क्यावर आणून ठेवली आणि निघून गेले. मी त्या खुर्चीत बसून लिहितोय.

तुझ्या आईला मी नेहमी म्हणायचो, खिडकीत बसून काय होतं? बोट काय तुझ्या बघण्याने लवकर येणार आहे? आज कळतं, बघण्याने काही होत नाही, पण न बघता बसवतही नाही. हे तिला सांगायला हवं होतं. आता तुला सांगतो.

स्क्रूची गोष्ट तुला पानभर लिहिली, आणि ज्याच्या हातात इंजिन दिलं त्याला एक शब्द सांगितला नाही. या पत्राचं तू काय करशील ते कर. पुन्हा लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन. यावेळी बोलणं एकाच बाजूने बंद राहील.

हे पत्र आज टाकत नाही. उद्यापर्यंत थांबतो.

बाबा


१० नोव्हेंबर

ठकू,

आले. सगळे आले. तुझा नवरा आला. आधी हे वाच, मग बाकीचं. आठ तारखेचं पत्र टाकलं नव्हतं, तेही सोबत देतोय. फाडणार होतो, पण असू दे.

दुपारी पंपात हात होता आणि आवाज आला. आमचंच इंजिन. जरा खोकत होतं, पण चालत होतं. पाना तसाच पंपात सोडला. मग धक्क्यावर गेलो.

बसवाला आधी उतरला. मला बघून दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "काका, तुमच्या त्या इंजिनाने जीव काढला हो." त्याने सांगितलं ते असं. परतीच्या वाटेवर, बाहेरच्या खडकांपाशी, बोट फार डोलायला लागली आणि इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि बंद पडलं. त्याने पंप पाहिला, गाळणी पाहिली, त्याच्या बसगाड्यांत जे जे करतात ते सगळं केलं. इंजिन हूं की चूं करेना. लाटा बोटीला खडकांकडे ढकलत होत्या. नळीतून कप्तानाने विचारलं, "बंद पडायच्या आधी उचक्या दिल्या का?" तो म्हणाला, "दोन." मग नळीतून काहीच आवाज नाही.

"आणि मग काका, वर बटाटे पडायला लागले," बसवाला म्हणाला. "मला वाटलं बोट फुटली."

कप्तान सुकाणू दुसऱ्याच्या हातात देऊन न्हाणीघरात गेला होता. पोती टबातून उपसून बाहेर फेकली, फळी उखडली. दिवा लावायची सोय नव्हती, फळीमागे काळोख. तोफेवरच्या माणसाने विचारलं, "साहेब, काही दिसतंय का?" तो म्हणाला, "दिसायची गरज नाही." एक हात बांधलेला होता. चांगल्या हाताने स्क्रू ढिला केला आणि त्यावर बोट ठेवून बसून राहिला. खडक एवढे जवळ आले होते की त्यांच्यावर बसलेले पक्षी दिसत होते. मग स्क्रू आवळला आणि ओरडून सांगितलं, "आता चालू करा." एकदाच तो ओरडला. इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं.

बसवाल्याने नंतर विचारलं, "साहेब, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" तर म्हणाला, "सासऱ्यांची पत्रं वाचायचं काम होतं माझ्याकडे."

ते ऐकून मला रडू आलं. लपवत नाही. माझ्यावाचून ते इंजिन कोणाला उमजायचं नाही असं मी सगळीकडे सांगत हिंडलो, आणि ज्याला मी पायरीवरून परत पाठवलं त्याने ते माझ्या गप्पांतून शिकून घेतलं. तो घाबरला अजिबात नाही, हे तुला मुद्दाम लिहितो. असा थंड डोक्याचा माणूस मी पाहिला नाही.

तो सगळ्यांत शेवटी उतरला. मी टाचा जुळवल्या.

"तुम्ही आता माझ्या बोटीवर नाही," म्हणाला. "टाचा कशाला?"

"सवय."

तो माझ्या खुर्चीशेजारच्या खोक्यावर बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मग म्हणाला, "तुम्ही नातं सांगितलंत त्याचा मला फार राग आला होता."

"येऊ दे."

"अजून आहे."

"असू दे," मी म्हणालो. "तू का लपवलं होतंस?"

तो म्हणाला, "पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर मला साहेब म्हणालात. बायकोला लिहिलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता. म्हटलं, आणखी थोडे दिवस ऐकून घेऊ." आणि हसला. तुझा नवरा हसतो हे मला माहीत नव्हतं. तू सांगायला हवं होतंस.

मग विचारलं, "खोकला कसा आहे?" मी म्हणालो, बरा आहे. तो म्हणाला, "खोटं." चहा मागवला. या वेळी खरंच घेतला.

तोफ उतरलेली नाही. मागची काही पिंपं तेवढी कमी करू, असं चष्मेवाल्या साहेबांनी कबूल केलंय, आणि ते माझ्या खुर्चीकडे बघत केलं. बोट परवा पुन्हा जाणार. मला आता तिच्यावर जाता येत नाही, ते माझं मीच करून ठेवलंय. बसवाल्याला न्हाणीघरात नेऊन स्क्रू दाखवला, त्याचं बोट त्याच्यावर ठेवून दाखवलं, आणि फळीवर तांबड्या रंगाने बाण काढला. बटाटे आता दुसरीकडे ठेवलेत.

पाण्यावर पोट भरणाऱ्याला मुलगी देऊ नये, हे माझं मत अजून तेच आहे. पण द्यायचीच झाली असती, तर याला दिली असती.

सुट्टी मिळाली तर दोघं मिळून येऊ. त्याला मिळाली तर तो एकटा येईल. मला मिळाली तर, तू म्हणशील तर.

माझी पत्रं आता कचेरीतला कारकून वाचतो. पण हे मी आधी तुझ्या नवऱ्याला देणार आहे. त्याने वाचल्याशिवाय पत्र पुरं झालंसं वाटत नाही. खाली थोडी जागा सोडलीय.

बाबा


वाचलं. काही खोडलेलं नाही.

एक चूक तेवढी दुरुस्त करतो. मी घाबरलो अजिबात नाही, असं बाबांनी लिहिलंय. खूप घाबरलो होतो. बोटाला गुदगुल्या होत होत्या तोवर मी मोठ्याने त्यांनाच हाका मारत होतो.